परसाचा नकाशा पाऊस काढतो

हजार चौरस फुटांचं छप्पर असलेलं एक साधं घर घ्या. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने त्या एका छपरावर पावसाळाभरात ६५ हजार लिटर पाणी उतरतं. रत्नागिरीचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा. तिथे त्याच छपरावर पावणेतीन लाख लिटरांहून जास्त. जुलैतली एखादी जोराची सर तासाभरात ५० मिलिमीटर कोसळली, तर तेवढ्या एका तासात साडेचार हजार लिटर पाणी पन्हळीतून खाली येतं. ते कुठे जाणार, हा परसाचा पहिला प्रश्न आहे. झोपाळा कुठे टांगायचा, फरशी कोणती घालायची, गुलाब लावायचे की मोगरा, हे सगळे त्यानंतरचे.

शहरांच्या कडेला गेल्या काही वर्षांत छोटी स्वतंत्र घरं पुष्कळ उभी राहिली. तळेगावकडे, नाशिकच्या गंगापूर रस्त्याला, कोल्हापूरच्या उपनगरांत, सिंधुदुर्गात निवृत्तीनंतर परतलेल्यांच्या वाड्यांवर. आयुष्य दोन खोल्यांत काढलेल्या माणसाला घरामागे वीस बाय तीस फुटांची मोकळी जागा मिळते, तेव्हा त्याचं मन भरून येतं, आणि ते येणारच. मग चित्रं असलेली पुस्तिका घेऊन कंत्राटदार येतो. हिरवळ, चार पाम, मध्ये कारंजं, कडेने दिवे. दिवाळीच्या आसपास काम होतं, फोटो निघतात. पुढच्या आषाढात हिरवळीवर घोटाभर पाणी उभं राहतं, मे महिन्यात तीच हिरवळ टँकर मागते. या लेखासाठी पुणे, कोल्हापूर आणि दापोलीकडची जी घरं पाहिली, त्यांत पैसा वाया गेलेली बहुतेक परसं अशीच बिघडली होती. झाडांची निवड चुकली म्हणून परस बिघडल्याची उदाहरणं कमी होती. पाण्याचा विचार शेवटी केला म्हणून बिघडलेली जास्त.

जुनी घरं हा विचार आधी करत. दापोली तालुक्यात उतारावर बांधलेल्या एका घराचं परसदार सत्तरी ओलांडलेल्या आजींनी फिरवून दाखवलं. स्वयंपाकघराच्या दाराला लागून कढीलिंब आणि ओव्याचं झुडूप, म्हणजे फोडणी टाकता टाकता हात पोचावा. त्याच्या बाजूला न्हाणी. न्हाणीतून जांभ्यात कोरलेला पाट निघतो तो थेट केळींच्या आळ्यात. केळींच्या पायथ्याशी अळू. त्याखाली आगर सुरू होतं: आधी पोफळी, कारण तिला ओल आणि सावली दोन्ही लागते, मग माड. आंबा-फणस सगळ्यांत लांब, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अंगाला. देवाची फुलं, म्हणजे जास्वंद, अनंत, तगर, उजव्या हाताला, जिथे सकाळचं ऊन आधी पडतं. मी विचारलं, हे कोणी आखलं? आजी म्हणाल्या, "आखतंय कोण! पाणी जसं खाली जातं, तसं लावत गेलो. न्हाणीचं पाणी केळीला चालतं, भाजीला नको. भाजीला विहिरीचंच."

आजींच्या या बोलण्यात पाण्याची प्रतवारी आहे. पिण्याजोगं पाणी भाजीला, साबणाचं पाणी केळी, अळू आणि कर्दळीला, पावसाचं पाणी जमिनीत. हल्ली सांडपाण्याच्या पुनर्वापरासाठी जी यंत्रणा विकत मिळते, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. परस घरच्या घरी सुधारायचं तर केळीचं आळं हा सगळ्यांत स्वस्त आणि भरवशाचा पहिला टप्पा. कपडे धुण्याच्या जागेचं पाणी नळीने वळवा, तीन फूट व्यासाचं, दीड-दोन फूट खोल आळं खणा, तळाशी जाड काटक्या आणि पालापाचोळा भरा, कडेने केळीचे तीन मुनवे लावा. पाणी उघड्यावर साचू द्यायचं नाही. ते पाल्याच्या थराखालीच मुरलं पाहिजे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होऊन उडतो, आणि परसात त्याला जागा मिळाली तर तिथे बसण्याचं सुखच उरत नाही. छोटं तळं हवंच असेल, तर त्यात गप्पी मासे सोडावेत.

दापोलीच्या त्याच घरात अंगणाची गोष्ट निघाली. पाऊस सरला की अंगण खणायचं, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडून चोपण्याने चोपायचं आणि वर शेणाने सारवायचं. दरवर्षी. हे करताना घराकडून बाहेर बोट-दोन बोटं ढाळ ठेवायचा. वर्षातून एकदा सगळं अंगण हाताखालून जात असल्याने कुठे पाणी धरलं होतं, कुठे माती वाहून गेली, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. सिमेंटचा कोबा एकदा घातला की तो पंधरा वर्षं तसाच राहतो आणि त्याचा चुकलेला ढाळही पंधरा वर्षं तसाच राहतो.

तेव्हा कामाला सुरुवात कागदापासून करावी, आणि तीही दिवाळीच्या सुमाराला. याला कारण आहे. पाऊस नुकताच गेलेला असतो आणि त्याने जमिनीवर सगळं लिहून ठेवलेलं असतं. जोत्यावर चिखलाचे शिंतोडे किती उंचीपर्यंत उडालेत ते पाहा. तिथे पागोळ्या थेट मातीवर पडताहेत. भिंतीवर शेवाळाची रेघ कुठे आहे ते पाहा. तिथे पाणी टेकून उभं राहिलं होतं. बारीक ओघळ कोणत्या दिशेने गेलेत, गाळाचा चकाकता थर कुठे बसलाय, कोणत्या कोपऱ्यातलं गवत कार्तिकातही हिरवं आहे. हे सगळं आलेखाच्या कागदावर उतरवायचं: एक चौकोन म्हणजे एक फूट. घराच्या भिंती, दारं, पन्हळीची तोंडं, नळ, विहीर किंवा बोअर, सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर, विजेची जमिनीतून गेलेली केबल, अर्थिंगचा खड्डा. शेवटच्या चार गोष्टी ठाऊक नसतील तर घर बांधणाऱ्याकडून किंवा जुन्या नकाशावरून आधी शोधून काढा. पहार केबलवर पडून माणूस दगावू शकतो.

जमीन डोळ्यांना सपाट दिसते, पण ती तशी क्वचितच असते. यासाठी गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. तीस-चाळीस फूट नळी घ्या, बुडबुडा न राहू देता पाण्याने भरा, एक टोक जोत्याशी आणि दुसरं परसाच्या टोकाशी धरा. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी एकच असते, तेव्हा तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं की कुठे किती उतार आहे ते इंचात कळतं. काटकोन काढायला गुण्या नसला तरी दोरी चालते: एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, आणि दोन टोकांमधलं अंतर नेमकं पाच भरलं की कोपरा काटकोनात आहे. आखणी चुन्याच्या फक्कीने करावी. आणि कुदळ न उचलता आठवडाभर ती तशीच ठेवावी. धुणं वाळत घालायला, सायकल काढायला, कचरा टाकायला घरातली माणसं त्या रेषांतून कशी चालतात, ते या आठवड्यात दिसतं. पाऊलवाट तिथेच करावी जिथे पावलं आपोआप पडतात.

पाण्यानंतर ऊन. इथे परदेशी पुस्तकं आणि चित्रफिती पाहून आखणी करणाऱ्यांची हमखास फसगत होते, कारण आपला सूर्य त्यांच्यासारखा वागत नाही. पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो; शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतून हल्ली तो मुलांना दाखवतात. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उलट डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेला एवढा कलतो की दहा फूट उंच भिंतीची भर दुपारची सावली उत्तरेकडे नऊ फूट पडते. घर दुमजली, म्हणजे बावीसेक फूट उंच असेल, तर ती वीस फुटांवर जाते.

आता ज्यांचं परस घराच्या उत्तरेला आहे, त्यांनी याचा अर्थ लावावा. मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, वाल ही आपली हिवाळी भाजी. तिला रोज पाच-सहा तास ऊन हवं. आणि नेमक्या त्या महिन्यांत तुमचं परस सावलीत आहे. तिथे कितीही खत घाला, भाजी उंच, फिकी आणि लुकडी होणार. मग या जागेचं करायचं काय? हळद आणि आलं लावायचं. दोन्ही मे-जूनमध्ये जमिनीत जातात, त्या वेळी तिथे ऊन आणि पाऊस असतो; पुढे सावली वाढते तिला ती कुरकुरत नाहीत, आणि माघाच्या सुमाराला खणून काढता येतात. जोडीला अळू, नागवेल, भिंतीकडेला नेचे. हिवाळी भाजी दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या चिंचोळ्या पट्टीत, नाहीतर गच्चीवर न्यावी. कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षक दाम्पत्याने घराच्या दक्षिणेची, गाडी लावायला ठेवलेली पट्टी वाफ्यांना दिली आणि गाडी उत्तरेच्या सावलीत नेली. त्या घरात जानेवारीत बाजारची पालेभाजी येत नाही.

माती हा तिसरा धडा, आणि महाराष्ट्रात तो जिल्ह्यागणिक बदलतो. देशावर बेसाल्टपासून बनलेली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ही हालचाल घराच्या पायालाही जाणवते. म्हणून काळ्या मातीत जोत्याला चिकटून रोज पाणी द्यावे लागणारे वाफे करू नयेत. निदान तीन फूट पट्टी कोरडी ठेवावी. कोकणात जांभ्याची तांबडी माती, ती पाणी धरतच नाही. पोटात अन्न कमी आणि स्वभावाने आम्ल. डोंगरउतारावर मुरूम. आणि नव्या वसाहतींत या तिन्हींपैकी काहीच नसतं. तिथे असतो राडारोडा. बांधकामाच्या विटा, सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे, त्यावर चार इंच लाल मातीचा थर. तळेगावजवळच्या एका परसात ओळीने लावलेली आठ झाडं दोन वर्षांत कंबरेच्या वर गेली नव्हती. दीड फूट खणल्यावर उत्तर मिळालं: काँक्रीटची अख्खी लादी.

म्हणून तीन वेगवेगळ्या जागी दोन-दोन फूट खणून पाहावं. खणलेली मूठभर माती काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा भरा, वर पाणी घाला, जोरात हलवा आणि दिवसभर ठेवा. वाळू तळाशी बसते, तिच्यावर पोयटा, सगळ्यांत वर चिकणमाती. थरांची जाडी पाहून मातीची जात कळते. पाणी मुरतं का, हेही त्याच खड्ड्यात कळतं: तो भरून एक रात्र जिरू द्या, सकाळी पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला इंचभर उतरलं तर उत्तम. अर्ध्या इंचाहून कमी उतरलं, तर तिथे शोषखड्डा करून उपयोग नाही; गादीवाफे करून झाडं वर उचलावीत आणि जादा पाण्याला बाहेर वाट द्यावी. अन्नद्रव्यांचा तपशील हवा असेल तर कृषी विज्ञान केंद्रात माती परीक्षण करून मिळतं.

शोषखड्ड्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. तीन बाय तीन बाय तीन फुटांच्या खड्ड्यात दगड भरल्यावर पाण्याला जागा उरते जेमतेम ३०० लिटरांची. सुरुवातीची ती साडेचार हजार लिटरांची सर आठवा. एका खड्ड्याने ती सावरत नाही. शोषखड्डा हवाच, पायापासून दहा फूट तरी लांब हवा, पण त्याला ओसंडण्याची वाट हवी आणि वाटेत पाणी थांबेल अशा आणखी जागा हव्यात: झाडांची खोलगट आळी, सखल वाफा, सांधे मोकळे ठेवलेली फरशी, जमलं तर टाकी.

फरशीच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. परसात सिमेंटचा कोबा आणि चकाकणाऱ्या टाइल दोन्ही नकोत. शहाबादी घ्या, कोकणात जांभा घ्या. खाली चार इंच मुरूम पाणी मारून धुमसायचा, त्यावर दीड-दोन इंच वाळू किंवा क्रशसँड, आणि त्यावर खडबडीत बाजू वर ठेवून शहाबादी. सांधे सिमेंटने भरायचे नाहीत, वाळूने भरायचे. पाणी तिथून जमिनीत जातं आणि एखादी फरशी खचली तर उचलून पुन्हा बसवता येते. ढाळ घराकडून बाहेर, दहा फुटांत दोन इंच. माल ब्रासमध्ये मिळतो, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट; दहा बाय दहाच्या जागेला चार इंच मुरूम लागतो साधारण एकतृतीयांश ब्रास. हा हिशेब आपण केला नाही तर दारात अख्खा डंपर रिकामा होतो. आणि दोन बाय दोनची सव्वा इंच जाड फरशी तीसेक किलोंची असते. ती दोघांनी उचलावी, पाठ वाकवून नव्हे तर गुडघे वाकवून.

पुण्यात फरशीकाम करणाऱ्या, मूळच्या कलबुर्गीकडच्या एका गवंड्याला मी विचारलं, की लोकांनी स्वतः काय करावं आणि तुमच्यासारख्यांवर काय सोपवावं? ते म्हणाले, "ताई, फरशी वाकडी बसली तर उचलून परत बसेल. भिंत वाकडी बसली तर ती कुणाच्या तरी अंगावर बसते." माती अडवणारी भिंत तीन फुटांहून उंच असेल तर ती घरच्या घरी बांधायची नाही. २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी पुण्यात कोंढव्याला आणि पाठोपाठ मुंबईत मालाडला भिंती कोसळल्या आणि त्यांच्या आडोशाने झोपलेली कष्टकरी कुटुंबं गाडली गेली. भिंतीमागे पाणी तुंबलं की त्याचा दाब मातीपेक्षा भयंकर असतो. म्हणून कोणत्याही अडवणाऱ्या भिंतीला, छोट्यातल्या छोट्यालाही, तीन-चार फुटांवर बाहेर झुकलेली पाणी जाण्याची भोकं ठेवायची आणि मागे खडीचा थर भरायचा. कोकणातला गडगा या बाबतीत शहाणा. चुना-सिमेंट न घालता रचलेल्या जांभ्यातून पाणी सगळीकडून पाझरतं, दाब साठतच नाही. दोन फुटांपर्यंतची अशी रचाई कोणालाही शिकता येते.

विजेचं कामही स्वतः करू नये. बागेतला दिवा, पंप, कारंजं, ज्याला ओला हात लागू शकतो ते सगळं परवानाधारक वायरमनकडून आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवूनच घ्यावं.

हिरवळीचा हिशेब एकदा मांडू, म्हणजे तो विषय संपेल. पाचशे चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले तर २३० लिटर. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचं ठरवलेलं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे. पावणेदोन माणसांचं पाणी रोज गवताला. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी न्यावं लागलेल्या राज्यात मी तरी ही शिफारस करणार नाही. मुलांना खेळायला मऊ जागा हवी असेल तर दहा बाय दहाचा तुकडा पुरतो. बाकी जमिनीवर पाल्याचं तीन-चार इंचांचं आच्छादन. त्याखाली ओल टिकते, माती तापत नाही आणि गांडुळं आपोआप येतात. पाणी द्यायला ठिबक उत्तम: तासाला चार लिटरांचा एक ड्रिपर अर्धा तास चालला की झाडाला दोन लिटर मिळतात. ठिबक परवडत नसेल तर कुंभाराकडचं न भाजल्यासारखं दिसणारं कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर झाकण ठेवा. भोवतीच्या चार वेलांना ते झिरपून पाजतं.

झाडं निवडताना घाई होते ती रोपवाटिकेत. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिकांची रांगच आहे. तिथे प्रत्येक झाड अडीच फुटांचं आणि गोजिरवाणं दिसतं. कलमी आंबा आणि चिकू यांचं रूढ अंतर आहे दहा मीटर, लिंबू-पेरूचं सहा मीटर, सीताफळाचं पाच. म्हणजे वीस बाय तीस फुटांच्या परसात आंबा लावला तर तो एकटाच मावतो, आणि बाकी सगळं त्याच्या सावलीत जगतं. हा निर्णय चुकीचा नाही. एका आंब्याखाली पिढ्या वाढतात. पण तो समजून-उमजून घ्यावा. छोट्या परसाला माझी पसंती अशी: एक लिंबू, एक कढीपत्ता, कडेला पपई, एक सीताफळ, आणि सावलीसाठी एकच देशी झाड. तामण घ्या, ते आपलं राज्यपुष्प आहे आणि उंचीने आवाक्यातलं. बहावा घ्या, वैशाखात पिवळा होतो. पारिजातक घ्या, किंवा धीर असेल तर बकुळ, तो सावकाश वाढतो. वड, पिंपळ, उंबर ही थोर झाडं, पण घरापासून जेमतेम पंधरा फुटांवर ती लावू नयेत; त्यांची मुळं टाकी आणि पाया शोधत येतात. गुलमोहर आणि शेवगा यांच्या फांद्या ठिसूळ, छपरावर किंवा तारांवर झुकतील अशा जागी नकोत.

लावताना विचार करा, कारण काढणं सोपं नाही आणि ते तसंच असायला हवं. नागरी भागात स्वतःच्या परसातलं झाड तोडायलाही १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वेगळं संरक्षण दिलं. जागेवर आधीपासून एखादं मोठं झाड असेल तर आराखडा त्याच्याभोवती करावा. ते झाड म्हणजे तुमच्या परसाला कुणी तरी तीस वर्षं आधी दिलेली सावली आहे.

आता भाजीकडे. परसबागेचा सगळ्यांत मोठा दाखला आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा. राहीबाई पोपेरे यांनी घराभोवतीच्या जागेत गावरान वाणांचं बी जपलं, वाढवलं, बायाबायांत वाटलं. बाएफ या संस्थेची साथ त्यांना मिळाली, आणि २०२० साली पद्मश्रीही. त्यांच्या कामातून शहरातल्या माणसाने घ्यायचं ते हे, की वाल, घेवडा, दोडका, भोपळा, अंबाडी ही आपल्या हवेत रुळलेली भाजी आधी लावावी, ब्रोकोली नंतर. आणि प्रत्येक वेलावरचं पहिलं, निकोप फळ बियाण्यासाठी राखावं. राज्याच्या उमेद अभियानाने ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम बचत गटांच्या महिलांमध्ये चालवली, तिचं सूत्रही असंच आहे: घराजवळच्या छोट्या तुकड्यात वेगवेगळ्या भाज्या, म्हणजे ताटात रोज वेगळं काही. वाफ्याची रुंदी तीन ते चार फूट ठेवावी, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की माती दबते, आणि दबलेल्या मातीत मूळ गुदमरतं.

आणखी मागे गेलं की श्री. अ. दाभोलकर भेटतात. गणिताचे शिक्षक, ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक. तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांपर्यंत अनेकांना त्यांनी एक गोष्ट शिकवली: हिरवं पान हे सूर्यप्रकाशाची पकड करणारं साधन आहे, आणि किती पान किती ऊन अडवतं याचा हिशेब मांडता येतो. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, असं ते मांडत. दहा गुंठे सर्वांकडे नसतात, पण त्यांनी सांगितलेलं मोजणं अर्ध्या गुंठ्यालाही लागू आहे. वही ठेवा. काय कधी पेरलं, किती पाणी दिलं, किती उतरलं. तीन हंगामांची वही हातात आली की बाहेरच्या सल्ल्याची गरज फारशी उरत नाही.

पालापाचोळा घराबाहेर जाऊ देऊ नका. तो जाळायचा तर नाहीच. घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आहे, आणि पहाटे पेटवलेल्या पाल्याचा धूर शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीत जातो. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमाने पाला असलेल्या आणि पाला हव्या असलेल्या घरांची गाठ घालून दिली, इतकी त्याला किंमत आहे. तीन फूट व्यासाचं, चार फूट उंच जाळीचं कडं करा, त्यात पाला दाबून भरा, मधूनमधून शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडा, ओल टिकवा. माघ-फाल्गुनातला पाला पुढच्या दिवाळीपर्यंत खत होतो. हे कडं, तसेच विटा-लाकडांचे ढीग, घराच्या भिंतीपासून लांब ठेवावेत. ढिगात उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग, घोणस येतात.

कामाची वाटणी वर्षावर अशी पडते. दिवाळीपासून मार्गशीर्ष-पौषापर्यंत मातीकाम, ढाळ, फरशी, छोटी रचाई. जमीन ओलसर असते तोवर कुदळ सहज चालते. याच दिवसांत उन्हातल्या वाफ्यात मेथी-पालक. चैत्र-वैशाखात फळझाडांचे तीन फूट खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यायचे. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलांचं बी. मृगाचा पाऊस लागला की कलमं. सगळं एका वर्षात करायचा हट्ट धरू नये. पहिल्या वर्षी पाण्याची वाट आणि खताचं कडं, दुसऱ्या वर्षी वाट-फरशी आणि मोठी झाडं, तिसऱ्या वर्षी बाकीचं. असं केल्याने पैशाचा ताण पडत नाही, आणि प्रत्येक पावसाळा मागच्या कामाची परीक्षा घेऊन जातो.

तेव्हा दिवाळीचा फराळ झाला की घरातल्या सगळ्यांना घेऊन मागच्या दाराने बाहेर या. मुलांच्या हाती नळीचं एक टोक द्या, आजी-आजोबांना विचारा पाणी कुठे तुंबलं होतं. शेवाळाच्या रेघा, ओघळ, गाळाचे थर त्या वेळी अजून दिसत असतात. महिना-दीड महिन्यात ते पुसले जातात. ते कागदावर उतरवून घ्या. कंत्राटदाराला फोन त्यानंतर करा, आणि करायचाच असेल तर तो कागद त्याच्यापुढे ठेवून.